मूठवीराचा नांगर

मूठवीर आता कुणाच्या लक्षात नसेल. नसलेलाच बरा. ठाण्याहून निघणाऱ्या मुलांच्या एका मासिकात दर महिन्याला आठ पानं तो चोरांना, राक्षसांना आणि परग्रहावरच्या लोकांना बडवायचा. त्याची ताकद अशी, की मूठ उघडली की मनात येईल ती वस्तू तिच्यातून बाहेर पडायची, हिरव्या उजेडाची, घराएवढी. काम झालं की विरून जायची. मासिक दोनच शाईंत छापलं जायचं, काळ्यात सगळं जग आणि हिरव्यात मूठवीराच्या वस्तू. दोन्ही मीच काढायचो. काळ्या जगाबद्दल माझी तक्रार नाही. हिरव्याबद्दल आहे, आणि ती साठ वर्षांचा झालो तरी जिरलेली नाही.

मी धर्मा, घणसोलीचा. घरी खाडीत एक होडी, भाताची दोन खाचरं, आणि माझा बाप शिवा, ज्याला मी होडीवर यायला हवा होतो. मी गेलो ठाण्याला दुकानांच्या पाट्या रंगवायला. तिथून मासिकाचे मालक गोवर्धनशेठ यांनी मला उचललं. ते साल एकोणसाठ. शेठनी फुटपाथवरच्या रद्दीतून परदेशी चित्रकथांची जुनी पुस्तकं आणली होती. त्यातले वीर हवेतून काहीबाही वस्तू काढायचे आणि शत्रूच्या टाळक्यात हाणायचे. 'हे आपल्याकडं कर,' शेठ म्हणाले. पहिल्या अंकात मी इमानदारीत त्यांचा चेंडू झेलायचा कातडी हातमोजा उतरवून काढला. भिवंडीच्या एका मुलीचं पत्र आलं, 'मूठवीर चोरांना सुजलेल्या पावाने का मारतो?'

त्यानंतर मी परदेशी पुस्तकं मिटली. कथा लिहायचे सासवडकर मास्तर, देशावरचे, शाळेतून निवृत्त झालेले. ते फक्त लिहायचे, 'मूठवीर एक अस्त्र निर्माण करतो.' कोणतं, ते माझ्यावर. मी सूप काढलं. डोंगराएवढं हिरवं सूप, त्यात सगळा बाजार पाखडला जातोय, चोर कोंड्यासारखे उडून बाहेर आणि भली माणसं आत. मग चिमटा काढला, त्यानं पेटलेलं विमान निखाऱ्यासारखं उचललं. चोरट्या मालाचं जहाज उलथायला कालथा काढला. माझी बायको कमळी चुलीशी बसून बघायची आणि म्हणायची, 'माजं घर उपसून नेलंस की रं!' शाळकरी पोरं ती चित्रं कापून वहीत चिकटवायची.

पण मुखपृष्ठावर दर महिन्याला एकच ओळ असायची, 'कथा : रामचंद्र बळवंत सासवडकर'. माझं नाव कुठंच नाही, शेवटच्या पानावर मुद्रकाच्या शेजारीही नाही. मी दोन वर्षं गप्प बसलो, मग एकदा विचारलंच. शेठ म्हणाले, 'ज्या अंकाची दुसरी आवृत्ती निघेल ना, त्याच्या मुखपृष्ठावर तुझं नाव छापतो. पूर्ण नाव. शब्द देतो.' दुसरी आवृत्ती तोवर एकाही अंकाची निघालेली नव्हती. तरी मी हुरळलो. घरी येऊन बापाला सांगितलं.

बाप जाळं विणत होता. हात न थांबवता म्हणाला, 'पुरं नाव म्हंजे माजं बी?'

'हां. धर्मा शिवा मढवी.'

तेव्हा मात्र त्याचे हात थांबले. या माणसानं तोवर माझ्या धंद्याला 'चितारडेपना' याखेरीज दुसरा शब्द वापरला नव्हता. त्या दिवसापासून त्यानं होडीचा विषय काढणं सोडलं. दर महिन्याला मी नवा अंक घेऊन घरी आलो की विचारायचा, 'निंगाली काय रं दुसरी आवरुती?' मी नाही म्हणायचो. तो 'बरं' म्हणायचा आणि पुढच्या महिन्याची वाट बघायचा. मला त्या 'बरं'ची लाज वाटायला लागली.

मग बासष्टच्या श्रावणाचा अंक आला. मास्तरांची कथा अशी होती. डोंगरावरचं तळं फुटतं, पाणी गावावर येतं. मूठवीर धावतो. पुढं मास्तरांच्या सुरेख वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'त्याच्या मुठीतून प्रचंड नांगर निघाला. टोक जमिनीत रुतले. एका तासात पाणी वळले आणि गाव वाचले.'

आता मास्तरांच्या मनात नांगर म्हणजे शेतातला, आणि तास म्हणजे नांगरानं पडलेली सरी. एक सरी ओढायची, पाणी तिच्यातून शहाण्यासारखं निघून जाणार. हे मला कळलं नाही असं कुणी समजू नये. आमच्या दोन खाचरांत मी नांगरामागं चिखल तुडवलेला आहे. मला नांगर कळतो. पण मला पाणीही कळतं. उधाणाच्या भरतीत बांध फुटून खाडी खाचरांत घुसते तेव्हा ती कुणाच्या सरीला विचारत नाही. अशा पाण्यात माणूस एकच करू शकतो, घट्ट धरून राहायचं. आणि खाडीवर जो धरून ठेवतो त्यालाही नांगरच म्हणतात.

मी होडीचा नांगर काढला. देवळाच्या कळसापेक्षा उंच, हिरवागार, त्याची टोकं कातळात घुसलेली. त्याच्या दोराचा वेढा सबंध गावाला. घरं, गोठे, पाराचा पिंपळ, सगळं गाव नांगरलेल्या होडीसारखं पाण्यावर डुलतंय आणि वाहून मात्र जात नाही. एका कौलावर कोंबड्या ओळीनं बसलेल्या, एक म्हातारी दारातून पाय सोडून पाण्यात धूत बसलेली. तीन दिवस आणि चार ब्रश खर्ची पडले. तसं चित्र मी पुन्हा कधी काढलं नाही. आधीही काढलं नव्हतं.

ते छापून झालं तरी कुणी पाहिलं नाही. शेठनी पाहिलं तेव्हा छापलेल्या कागदांची, फर्म्यांची थप्पी माझ्या कमरेपर्यंत आली होती. त्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी चित्रावर बोट आपटलं.

'नांगर म्हणजे नांगर! बळीराजाचा! हे काय लोंबतंय इथं?'

'सगळा कागद वाया गेला,' शेठ म्हणाले. 'धर्मा, उद्यापासून येऊ नकोस.'

मी खरं सांगू शकलो असतो. सांगायला हवं होतं. 'मास्तर, तुमच्या सरीनं गाव वाचत नाही, म्हणून मी बदल केला.' पण मासिकातल्या चितारड्यानं लेखकाला असं म्हटलं की तो उर्मट ठरतो, आणि उर्मटाला कुणी माफ करत नाही. अडाण्याला मात्र लगेच करतात. मी वेड पांघरून पेडगावला गेलो. मान खाली घातली आणि घरचीसुद्धा कुणी इतकी जाड बोलत नसेल अशी बोली काढली.

'आमच्या खारीकरं नांगर म्हंजे होरीचा, शेठ. दुसरा नांगर मना म्हाईत नाय.'

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आधी शेठ हसले, मग मास्तर. मास्तरांना तर डोळे पुसावे लागले. 'अरे देवा,' ते म्हणाले, 'याला खरंच माहीत नाही!' मीही हसलो. स्वतःच्या अडाणीपणावर हसणारा माणूस सगळ्यांना आवडतो. माझी नोकरी वाचली. शेठनी फक्त एक चिठ्ठी लिहून घेतली, 'नांगर या शब्दाचा अर्थ मला न कळल्यामुळे चित्रात चूक झाली. चूक सर्वस्वी माझी.' खाली मी सही केली, आणि 'सर्वस्वी' नीट लिहिलं म्हणून मास्तरांनी माझी पाठ थोपटली.

फर्मा फाडायच्या आधी शेठनी चित्राखालचा मजकूर एकदा वाचला. 'नांगर निघाला. टोक जमिनीत रुतले. एका तासात पाणी वळले.' त्यांनी पुन्हा वाचला. तास म्हणजे साठ मिनिटांचा धरला तर सगळं चपखल बसत होतं. नांगर रुतला, तासाभरात पूर ओसरला, गाव वाचलं. 'जाऊ दे तसाच,' शेठ म्हणाले.

अंक उचलला कुणी तर किनाऱ्यानं. उरण, वसई, मुरूड, मालवण, कुठून कुठून पत्रं आली. तुर्भ्याच्या दगडखाणीतल्या एका मुकादमानं लिहिलं, की त्यानं ते पान खोपटाच्या आत चिकटवलंय. एका मुलानं विचारलं होतं, 'आमच्या गावाला असा नांगर मिळेल का?' दिघ्याच्या बाजूला तेव्हा कारखान्यांची जोती उठत होती आणि आमच्याकडंही जमिनी घेण्यासाठी मोजणीवाले फिरत होते, त्यामुळं त्या मुलाचं गाव कुठलं असेल याचा मी बराच विचार केला. सहा आठवड्यांत अंक संपला. शेठनी पेढे वाटले. दुसरी आवृत्ती निघणार होती.

त्या शनिवारी मी घरी सांगितलं. बापानं या वेळी 'बरं' म्हटलं नाही. तो उठला आणि उगाच अंगणात जाऊन आला.

सोमवारी मी शेठसमोर उभा राहिलो. मास्तर तिथंच बसले होते. शेठनी ड्रॉवर उघडून माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

'तूच लिहिलंयस ना? चूक झाली म्हणून? मग चुकीला कुणी मुखपृष्ठावर नाव देतं का?'

'शेठ, तुम्ही शब्द दिला होता.'

'कलाकाराला दिला होता. नांगर हा शब्द मास्तरांचा. तू तो फक्त चुकीचा वाचलास.'

मास्तर मवाळपणे म्हणाले, 'धर्मा, मुलाच्या हातून रंग सांडतो आणि कधी कधी त्यात मोर दिसतो. म्हणून तो मोर त्यानं काढला असं होत नाही.'

मग मात्र मी म्हणालो. सोंग सोडून, नीट शुद्ध मराठीत. 'मला दोन्ही नांगर माहीत होते. विचार करून मी होडीचा काढला. तुमची सरी चुकीची होती.'

 मास्तरांनी चष्मा काढला. 'म्हणजे त्या दिवशी तू आमच्याशी खोटं बोललास? मग आज बोलतोयस ते खरं कशावरून?'

  खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती आणि ते चित्रही फाडलं गेलं असतं. खोटं बोललो म्हणून चित्र वाचलं, आणि ते माझं राहिलं नाही. मला त्या दोघांचा राग येतो. पण त्याहून जास्त राग, मी त्या दिवशी त्यांच्यासोबत हसलो होतो त्याचा येतो.

दुसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर माझाच हिरवा नांगर, पानभर, आणि खाली ठळक अक्षरांत ओळ : 'नांगराची अद्भुत कल्पना : रामचंद्र बळवंत सासवडकर'. शेठनी मला एक प्रत दिली. मोठ्या मनानं दिली.

मी ती घरी न्यायला नको होती. पण बाप वाट बघत होता. दुपारची वेळ, ओहोटी, होड्या चिखलात बसलेल्या. बाप धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता, एरवी सदरा तो लग्नाकार्यालाच घालायचा. कमळी दारात उभी होती. मी अंक त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं नांगराकडं बराच वेळ बघितलं. दोर, गाठ, टोकं, सगळं तपासलं.

'गाठ बराबर हाय,' तो म्हणाला. माझ्या कुठल्याही चित्राबद्दल त्यानं बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य. 'आता वाच.'

मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरकवत सरकवत वाचलं, 'नांगराची अद्भुत कल्पना... धर्मा शिवा मढवी.'

कमळी तिसरीपर्यंत शिकलेली. तिनं माझ्या खांद्यावरून ओळ बघितली, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि आत गेली.

'थांब,' बाप म्हणाला. त्यानं मागं हात घालून ओट्याच्या कोनाड्यातून पाटी काढली. आमच्या घरात पाटी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पाटीवर खडूनं दोन अक्षरं काढलेली होती, वेडीवाकडी, पहिल्याची वेलांटी अक्षरापेक्षा मोठी. 'शिवा'. 'कमलीनं शिकवला,' तो म्हणाला. 'दोन म्हयनं लागलं. म्हटलं, पुस्तकात आलं तर वलखू तरी येवं.'

त्यानं पाटी अंकाशेजारी धरली आणि ओळीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. एकेका अक्षराशी थांबत होता, पाटीकडं बघत होता, पुढं जात होता. 'बळवंत'मधल्या 'व'शी अडला. 'ह्यो व हाय. पन याच्या डोक्यावर टिकली हाय. काना कुठं गेला?' पुढं 'सासवडकर'मधला 'व' सापडला, त्यालाही काना नव्हता. ओळ संपली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

'बाबा, छापताना कधी कधी...' मी म्हणालो.

'शि तर कुठंच नाय,' तो म्हणाला. माझ्याशी नव्हे, पाटीशी बोलल्यासारखा.

तिसऱ्यांदा त्यानं शोधलं नाही. अंक मिटला, कोपरे सरळ केले आणि माझ्यापुढं धरला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

'ज्याचा हाय त्याला नेऊन दे.'