स्लेट चौदा एस, पण कुठला?

ताईंनी तीस वर्षं छापखान्यात डोळ्यांत तेल घालून प्रुफं तपासली. निवृत्तीनंतरही घरून काम चालू होतं. जुन्या लॅपटॉपने मान टाकली, तेव्हा त्यांची मागणी साधी होती : धाकट्या बहिणीकडे आहे तोच. त्याच्या पडद्यावर वाचताना त्यांचे डोळे दुखत नसत.

नाव लिहून त्या दुकानात गेल्या. 'स्लेट १४ एस'.

"यातला कुठला, मावशी?" विक्रेत्याने विचारलं.

"हाच."

"हा म्हणजे दोन आहेत. शिवाय स्लेट एस १४. तो जुना, पण यंदाच निघालाय."

"आणि तो प्रो लिहिलेला?"

"प्रो एसच्या वरचा. एस प्लस प्रोच्या वरचा. पण एस प्लस प्रो घेण्यापेक्षा साधा एसच बरा."

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की ताईंना त्याची दयाच आली. त्याने दिलेला १४ एस घेऊन त्या घरी आल्या.

पडदा आरशासारखा चकाकत होता. अक्षरांआधी त्यात स्वतःचं नाकच दिसे. बहीण आपलं खोकं घेऊन आली. नाव तेच, रंग तोच. ताईंनी भिंग काढलं. तळाशी बारीक अक्षरांत लांबलचक क्रमांक होता. बहिणीच्या खोक्यावर शेवटी 'जी', ताईंच्या खोक्यावर 'सी'.

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"नाव एकच, म्हणजे यंत्र एकच, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मग पडदा वेगळा कसा?"

"मॉडेल वेगळं असेल."

"'जी' म्हणजे काय?"

बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग तो परत आला. "इथे कुणालाच माहीत नाही. तुम्हाला कुठे मिळाला हा 'जी'?"

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात गेल्या, विक्रेत्याला बाजूला सारून गोदामात शिरल्या आणि एकेक खोकं वाचू लागल्या. एकतिसाव्यावर 'जी' सापडला. विक्रेत्याने तो बदलून दिला. वर, 'सी चकाकतो, जी नाही' असं त्यांच्याकडून लिहून घेऊन गोदामाच्या दारावर चिकटवलं.

आठवड्याभराने फोन वाजला. कंपनीचा तोच माणूस होता. आवाज पार खाली.

"मॅडम, एक गिऱ्हाईक 'के' विचारतंय."

"खोकं समोर आहे?"

"आहे."

"उजेडात धरा," ताई म्हणाल्या, "आणि मोठ्याने वाचा."