उंचीला भ्यायलेल्या रंगाऱ्याची शिडी

मी शिडी बोलतेय. नीट ऐका, कारण मला एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय नाही. भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या लेच्यापेच्या शिड्यांतली मी नव्हे. मला चार पाय आहेत, मधे साखळी आहे, आणि उघडून ठेवली की मी खोलीच्या मधोमध कुणाच्याही आधाराशिवाय उभी राहते. माणसांना हे फारसं जमत नाही, हे पुष्कळ घरं पाहून सांगतेय.

एका सुतारानं जुन्या दाराची चौकट चिरून मला घडवलं. देण्याआधी तो स्वतः माझ्यावर चढून धडाधडा नाचला आणि म्हणाला, "ही कुणाला पाडायची नाही." मग मी रंगाऱ्याकडे आले.

तेव्हा रंगारी कसबी होता. भिंत काय, कुणीही रंगवतं. पण भिंतीचा रंग जिथे छताच्या रंगाला भिडतो, तिथली रेघ सरळ ओढायची म्हणजे खरं काम. त्याला कड धरणं म्हणतात. हा पठ्ठ्या माझ्यावर उभा राहून, श्वास रोखून, हातभर रेघ एका दमात ओढायचा. लोक त्याला बोलवायचे ते त्या कडेसाठी.

एकदा एका उंच इमारतीच्या जिन्यात काम होतं. मला वरच्या वळणावर उभं केलं होतं. रंगाऱ्यानं सहज कठड्यापलीकडे खाली पाहिलं आणि संपलं. तो पडला नाही, घसरला नाही, मी साधी कुरकुरलेही नाही. तरी त्याच्या तळव्यांना घाम सुटला आणि तो मला मिठी मारून बसला. खाली त्याची बायको पुट्टी घासत होती. "अहो, आता डावा पाय खाली घ्या. मी धरलाय," असं करत करत तिनं त्याला उतरवलं.

"चक्कर आली. सकाळपासून पोटात काही नव्हतं ना," रंगारी म्हणाला. सकाळी त्यानं दोन माणसांचं जेवण एकट्यानं हाणलं होतं.

शिकलेली माणसं याला भयगंड म्हणतात. म्हणू द्या. कावीळ होते तसा हाही होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज आणली ती पुढच्या लपवाछपवीनं. रंगाऱ्यानं लांब काठीला रोलर बांधला आणि जमिनीवरून भिंती रंगवायला लागला. रोलरनं कड धरता येत नाही. तर या शहाण्यानं कडच रद्द केली. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "आता भिंत आणि छत एकाच रंगात करायची पद्धत आहे."

आणि लोक तरी कसे! पद्धत कुणाची, कुठली, एकानंही विचारलं नाही. शेजारी केलंय ना, मग आमच्याकडेही करा. गल्लीतल्या निम्म्या खोल्यांचे डबे झाले. मला दाराआड टाकलं आणि माझ्या पायऱ्यांवर ओली पोतेरी वाळत घातली.

"अहो, मी चढते ना. मला काही होत नाही वर," बायको म्हणायची.

"तू वर आणि मी खाली? लोक काय म्हणतील?"

ऐकलंत? उंचीची भीती निदान शिडीवर चढल्यावर तरी वाटायची. लोकांची भीती या माणसाला जमिनीवर बसल्या बसल्या वाटायची.

मग उपचाराला मेहुणा आला. हा ट्रक चालवतो. "भावोजी, मनाचे खेळ आहेत सगळे. एकदा हिय्या केला की सुटलात," म्हणून त्यानं रंगाऱ्याला अंगणात माझ्यावर चढवलं आणि गंमत म्हणून मला गदागदा हलवलं. रंगारी पांढराफटक होऊन खाली आला. तेव्हापासून स्टुलावर उभं राहून बल्ब बदलणंही बंद झालं. आणि हा शूरवीर मेहुणा कोण? त्याची दाढ कधीची किडली आहे. एका बाजूनं चावतो, गाल धरून ट्रक चालवतो, पण दातांच्या डॉक्टरची पायरी चढत नाही, कारण तिथे सुई टोचतात. त्याला कुणी मनगट धरून नेलेलं मी तरी पाहिलं नाही.

असले मी ढीगभर पाहिलेत. एक धिप्पाड दुकानदार तर झुरळ दिसलं म्हणून माझ्यावर चढला होता आणि वरून साऱ्या घराला हुकूम सोडत होता. आता तोच रंगाऱ्याला विचारतो, "काय रे, हल्ली शिडी वापरत नाहीस?"

शेवटी रंगाऱ्याची गाठ शिवणवाल्या मावशींशी पडली. मावशींची एकच खोली, तीच शिवणाची, तीच राहायची. भिंतींना त्यांनी गडद निळा सांगितला. छतही त्याच रंगात छान दिसतं, असं म्हणत यानं तेही निळं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर मावशींनी मशीन ओढून बाहेर व्हरांड्यात मांडलेलं.

"डबा केलास माझ्या खोलीचा. आत श्वास कोंडतो माझा," मावशी म्हणाल्या. "छत पांढरं कर आणि कड सरळ धर. नाहीतर इथे माप द्यायला येणाऱ्या एकेकीला सांगेन कसलं काम करतोस ते."

गल्लीतली प्रत्येक बाई तिथे माप देते. म्हणजे धंदाच बुडाला असता. रंगाऱ्यानं झक मारत मला दाराआडून काढलं, आणून उघडलं, एक पाय ठेवला आणि काढला.

"मावशी, ही शिडी जरा डुगडुगते."

मी डुगडुगते? मी? संतापानं माझी साखळी तटतटली. मावशींनी दोन्ही हातांनी मला हलवून पाहिलं. मी तसूभरही हलले नाही. मग त्यांनी रंगाऱ्याच्या ओठांवरचा घाम पाहिला.

"तुला वर चढायची भीती वाटते का रे?"

त्याची बायको खाली मान घालून रंग ढवळत राहिली. रंगारी "हो" म्हणाला. "पण कुणाला सांगू नका."

"कुणाला सांगू? मी न्हाणीघराची कडी लावत नाही. आत असले की मोठ्यानं गाते, म्हणजे कुणी येऊ नये. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. इथल्या लोकांना सांगते, व्यायाम म्हणून जिना चढते. आणि लेकीला सांगते, गुडघे दुखतात म्हणून तुझ्याकडे येत नाही. अकराव्या मजल्यावर राहते ती. तिचं घर अजून पाहिलं नाही मी." मावशी मशीनच्या चाकाकडे बघत राहिल्या. "बायकोला चढव. आणि तिचं झालं की तू पहिल्या पायरीवर नुसता उभा राहा. भीती वाटली की उतरू नकोस, ओसरली की उतर. मग दुसरी पायरी. डॉक्टरांनी मला असंच सांगितलंय. मी केलं नाही, तू कर."

बायको बाह्या सरसावून चढली. काय कड धरली तिनं! नवऱ्यापेक्षा सरस, हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. तो खाली माझे पाय धरून उभा होता. कुणीतरी दारातून डोकावून फिदीफिदी हसलं. तेवढ्यानं रंगाऱ्यावर आभाळ कोसळलं नाही.

आता तो माझ्या मधल्या पायरीपर्यंत येतो. तिथे उभा राहून मला शिव्या घालतो. कड बायको धरते, आणि विचारलं तर तो तसं सांगतो.

मागच्या महिन्यात मावशींच्या लेकीकडे काम निघालं. लिफ्टमध्ये मी मावत नाही, म्हणून जिन्यानं निघाले आणि मावशीही आमच्याबरोबर निघाल्या. काय ती वरात! रंगारी कठड्यापासून लांब, भिंतीला खेटून चाललाय. मावशी प्रत्येक वळणावर मला उघडायला लावून माझ्या खालच्या पायरीवर टेकतायत. लोक लिफ्टमधून उतरून आमच्याकडे बघतायत. त्या दोघांनाही दरदरून घाम फुटला होता, पण परत फिरू असं कुणी म्हणालं नाही.

लेकीनं दार उघडलं. कडेवर तान्हं मूल होतं.

"आई? अगं, तुझे गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत. मला लिफ्टची भीती वाटते," मावशी म्हणाल्या, आणि नातीला घ्यायला त्यांनी हात पुढे केले.

बाकी तुम्ही माणसं सुधारणार नाही, याची मला खात्री आहे. दुसऱ्याच्या भीतीला हसायचं तर खुशाल हसा. फक्त तेवढा वेळ शिडी घट्ट धरा.