साबेलाचा विसावा

गावात कुणी गेलं की अमारो काळा कोट चढवायचा. पक्षाचं कामच ते. जनरल मेला, त्याची राजवट गेली, निवडणुका आल्या. पक्षाने नाव बदललं, फलकाचा रंग बदलला. मयताला जाणं तेवढं बदललं नाही. स्पेनमधल्या गालिसियाच्या या डोंगरांत मतं सभेत मिळत नाहीत, स्मशानाच्या फाटकात मिळतात, असं जिल्ह्याचे साहेब सांगत. आता फाटकापर्यंत पोचताना अमारोचे गुडघे कुरकुरत.

आज साबेला गेली होती. यादवीच्या उन्हाळ्यात तिच्या भावाला घरातून उचलून नेलं, त्या ट्रकवर अमारोचा बाप होता. भाऊ कुठे पुरला, हे साबेलाला कुणी सांगितलं नाही. ती जन्मभर विचारत राहिली.

दारात तिची लेक कार्मे उभी होती. पक्षाचं फुलांचं चक्र आधीच भिंतीला टेकलेलं. फितीवर नेहमीचंच छापलेलं, 'पक्ष तुम्हाला विसरणार नाही.'

"आलात? मला वाटलं, फुलंच तेवढी येतील."

"नको असेन तर जातो, कार्मे."

म्हातारा फारुको मध्ये पडला. "जातो कुठे? पोरं सगळी कामाला स्वित्झर्लंडात. तीन खांदे आहेत. नाहीतर ट्रॅक्टरवर न्यावी लागेल."

"आई काय गवताचा भारा आहे?" कार्मे म्हणाली. मग अमारोकडे न बघता, "लावा खांदा. मत मात्र मिळायचं नाही."

"तुझ्या आईनेही दिलं नाही कधी."

"मतदानाला तुमच्याच गाडीतून जायची. फुकटची आहे म्हणायची."

शवपेटी निघाली. मयताला आलेले जिल्ह्याचे साहेब चक्र धरून मागून चालले. त्यांच्यामागे बाया हळू गुणगुणत होत्या:

हळू चढा गं डोंगर, माय दमली चालून
सारा जन्म गेला तिचा, वाट भावाची पाहून

विसाव्याचा दगड चढाच्या माथ्यावर आहे. पेटी तिथे टेकवतात, प्रार्थना म्हणतात. पण जुन्या चेस्टनटच्या झाडापाशीच अमारो थांबला.

"इथे टेकवा."

"अरे, दगड वर आहे," फारुको धापा टाकत म्हणाला. "एवढ्यात दमलास?"

"दमलोय. टेकवा." पेटी गवतावर आली. अमारोने चेस्टनटच्या मुळांकडे बोट केलं. "कार्मे, तुझा मामा इथे आहे. बापाने मरताना सांगितलं मला. पक्षाच्या कचेरीत विचारलं, तर म्हणाले, जुनं उकरू नकोस. मी नाही उकरलं."

बायांचं गाणं थांबलं.

"आईला का नाही सांगितलंत?"

उत्तराची वाट न पाहता कार्मेने साहेबांच्या हातातलं चक्र घेतलं, फीत ओढून काढली आणि फुलं झाडाखाली ठेवली. फीत साहेबांच्या हातात दिली.

साहेब जवळ आले, आवाज उतरवून म्हणाले, "अमारो, यावर नंतर बोलू."

"नंतरच बोलत आलोय, साहेब."

"उचला," कार्मे म्हणाली. "दगडावर थांबू नका आता. तिचा विसावा झाला."

अमारोने गुडघ्यावर हात टेकून खांदा पुढे केला. चढ अजून अर्धा होता.