गाडी हलल्याची तक्रार

माझा धाकटा भाऊ एव्हर्ट एकतीस वर्षं स्वीडनच्या रेल्वेत टीसी होता. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, यानं जुना डबा मागितला. गंमत म्हणजे तो मिळाला. पण एव्हर्ट राहायचा नदीपलीकडे हापारांडात, तिसऱ्या मजल्यावर. अंगण माझ्याकडे, टोर्निओत, म्हणजे फिनलंडमध्ये.

"साइमे, बटाट्याच्या वाफ्यावर बरोब्बर मावेल बघ," तो फोनवर म्हणाला.

"आणि बटाटे कुठे लावू, तुझ्या डोक्यावर?"

शेवटी मी हो म्हटलं. ठरलं असं, की स्वीडिश इंजिनानं डबा अकरा वाजता पुलाच्या मध्यावर, सरहद्दीच्या रेघेवर आणायचा आणि पुढे आमच्या इंजिनानं ओढायचा. आमचा चालक केइयो अकराला पोचला, पन्नास मिनिटं थांबला आणि जेवायला गेला. दहा मिनिटांनी स्वीडिश इंजिन आलं, त्यांच्या घड्याळात अकराच्या ठोक्याला. आमचं घड्याळ त्यांच्यापेक्षा तासभर पुढे असतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हुकमात लिहायचं तेवढं राहिलं होतं. स्वीडिश चालकानं डबा तिथेच सोडला आणि तो परत गेला. जेवून आलेल्या केइयोच्या हुकमात अकराचा डबा होता आणि हा त्याच्या घड्याळात बाराला आलेला, म्हणून त्यानं त्याला हातही लावला नाही.

चौथ्या दिवशी रेल्वे कार्यालयाचं पत्र आलं. पुलावर तीन दिवसांहून जास्त उभी राहिलेली बिननंबरी वस्तू बेवारस, ती नदीत ढकलावी.  एव्हर्ट तसाच उठून कार्यालयात गेला आणि डब्याला गाडीचा नंबर मिळवून आला. पण नंबर मिळाला म्हणजे ती गाडी झाली. गाडीला वेळापत्रक हवं, टीसी हवा. एव्हर्टनं पुन्हा गणवेश चढवला.

आणि लोक यायला लागले! पुलावरून चालत यायचं, स्वीडनच्या दारानं चढायचं, डब्यातून वीस मीटर चालायचं, फिनलंडच्या दारानं उतरायचं. एव्हर्ट तिकिटाला भोक पाडायचा, शिट्टी मारायचा, दार लावायचा, मिनिटभरानं उघडायचा आणि ओरडायचा, "टोर्निओ! सामान विसरू नका!"

"मला गाडीच्या दिशेनं तोंड करून बसायचंय," शिक्षिका हिल्डूरबाई म्हणायच्या. "उलटं बसलं की मला मळमळतं."

"बाई, गाडी उभी आहे."

"सध्या उभी आहे. तुमचा काय भरवसा?"

मग एव्हर्ट कुणालातरी उठवून त्यांना जागा करून द्यायचा. हिवाळाभर गाडी एकदाही उशिरा आली नाही. वक्तशीरपणाबद्दल दोन्ही देशांनी तिचं कौतुक केलं. इतकं खूष मी माझ्या भावाला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात घोळ झाला. केइयोला कुणीतरी नवीन घड्याळ भेट दिलं होतं, ते तासभर मागे, म्हणजे नेमकं स्वीडनच्या वेळेवर चालत होतं. तो इंजिन घेऊन बरोब्बर वेळेवर पुलावर आला, समोर अकराचा डबा दिसला, हातात जुना हुकूम होताच. त्यानं डबा जोडला आणि ओढला.

आत एकोणीस माणसं होती. किंकाळ्या माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आल्या. मी स्टेशनावर धावले तेव्हा हिल्डूरबाई केइयोला धारेवर धरत होत्या.

"अहो, गाडी हलली! मी उभी होते आणि गाडी हलली!"

"गाडीनं काय करायचं असतं मग?" केइयोनं विचारलं.

"ते तुम्ही मला शिकवू नका! सहा महिने प्रवास करतेय मी!"

एकोणीस लेखी तक्रारी गेल्या. गाडी पूर्वसूचनेशिवाय हलते, सबब धोकादायक, असा शेरा पडला आणि सेवा बंद झाली. डबा लॉरीवर चढवून माझ्या वाफ्यावर आणून ठेवला.

एव्हर्ट त्यात जाऊन बसला तो बाहेर येईना. गणवेश, टोपी, सगळं अंगावर. तिसऱ्या दिवशी मीच राय धान्याचा काळा पाव आणि कॉफी घेऊन आत शिरले.

"किती दिवस तोंड पाडून बसणार रे?"

"कुणी चढतच नाही गं," तो हळूच म्हणाला.

मी शेजारी बसले. कॉफी ओतता ओतता खिडकीतून बाहेर बघितलं. समोर माझंच घर होतं आणि भिंतीचा रंग पार उडालेला. इतकी वर्षं आत राहून कधी लक्षातच आलं नव्हतं.

"लाल देऊ या," एव्हर्ट म्हणाला. तोही तिकडेच बघत होता.

"पिवळा," मी म्हटलं.

यावरून आमचं जे भांडण जुंपलं, ते भांडता भांडता त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली, दोन पाव खाल्ले आणि तो शिडी शोधायला बाहेर पडला.