चौथा बदल

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नकार्यात मिरवणारा नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चिमट्याने बसवतात ना, तो, लिंबाएवढा. मला पाय नाहीत, मान वळवता येत नाही आणि तोंड तर देवाने दिलेलंच नाही. समोर येईल ते बघायचं, एवढंच माझं काम. बघितलेलं वेळेवर सांगता आलं असतं, तर आज मी असा जीव मुठीत धरून बसलो नसतो.

कारखान्यात मला पहिल्यांदा दिसायला लागलं तेव्हा समोर एक तपासनीस बाई होती. तिने रंगीत पट्ट्यांचा पुठ्ठा माझ्यापुढे धरला, "दिसतंय" म्हणाली आणि मला खोक्यात सरकवलं. तेवढंच माझं बारसं. पुढे दुकानात बरीच धूळ खाल्ली आणि एक दिवस ताई मला घरी घेऊन आली.

ताई फ्रिजच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी सोडवायची. तिच्या आईला एकटं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा तिने घरून काम मागून घेतलं. सरांनी ते दिलं, पण कपाळाला आठी घालूनच. "घरी बसणाऱ्यांचं अर्धं लक्ष घरात असतं," असं ते एकदा बोलून गेले. ते वाक्य ताईच्या मनाला लागलं. मीटिंग चालू असताना मागे वळून बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं.

आणि मागेच तर सगळं होतं! बाबांचा फोटो ठेवलेली फळी, कोपऱ्यातलं स्टूल, बाहेरचं दार आणि दाराशेजारी उंच खुंटीला टांगलेली किल्ली. आई विसरायला लागली होती. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी "ते जेवायचे थांबले असतील, मला घरी सोड" म्हणायची. एकदा जिना उतरून निघूनही गेली होती. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने हाताला धरून आणून सोडली, म्हणून निभावलं. तेव्हापासून दाराला आतून कुलूप असायचं. ताई दाराकडे पाठ करून बसायची आणि दारावर नजर माझी असायची. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं, पण मला विचारतो कोण?

सर मोठे हौशी. दर सोमवारी कामाआधी पडद्यावर जमलेल्या मंडळींना काहीतरी खेळायला लावायचे. आपापला चहाचा कप दाखवा, लहानपणीच्या फोटोवरून माणूस ओळखा, दोन खऱ्या गोष्टी सांगा आणि एक थाप मारा. मंडळी जांभया दाबत खेळायची. सुट्या भागांच्या गोदामातला एक गोदामवाला तेवढा कोट्या करायचा. आणि एक होता म्यूटदादा. त्याचा माइक कायम बंद, म्हणून हे नाव. त्याचा आवाज कसा आहे हेसुद्धा कुणाला धड आठवत नव्हतं.

मग सरांनी 'काय बदललं?' हा खेळ काढला आणि सगळ्यांच्या अंगात आलं. ज्याची पाळी त्याने आपला कॅमेरा बंद करायचा, मागच्या खोलीत तीन बदल करायचे आणि पुन्हा चालू करायचा. बाकीच्यांनी बदल ओळखायचे. सरांनी टेबलावरची घंटी वाजवली की संपलं. घंटीनंतरचं उत्तर धरायचं नाही, हा कडक नियम.

ताईच्या पहिल्या पाळीला मंडळींनी तीन नव्हे, चार बदल शोधले. घड्याळ, उशी, झाडाची कुंडी ही ताईची करामत. पण फळीवरचा बाबांचा फोटोही गेला होता. ताईने बाजूच्या खोलीकडे बघितलं आणि हसू लागली. "आईचं काम आहे ते! मी कुंडी हलवत होते तेवढ्यात येऊन गेली वाटतं."

"वा! मग आईंना एक गुण!" सर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईचा चेहरा इतका खुलला, की मलाही बरं वाटलं. आईचं मन कशात तरी गुंतवा, असं डॉक्टर सांगून थकले होते आणि इथे ती आपणहून खेळात आली होती.

पुढच्या पाळीला खुर्चीवर एक कापडी पिशवी आली. "आईंना गुण!" त्याच्या पुढच्या पाळीला आईच्या बाहेर जायच्या चपला पिशवीशेजारी आल्या. "आई जिंकणार बहुतेक," गोदामवाला म्हणाला. मग कोपऱ्यातलं स्टूल दाराजवळ सरकलं. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या आणि ताईने हसत हसत वस्तू जागेवर ठेवल्या. फोटो, पिशवी, चपला, स्टूल. मित्रांनो, एकेक वस्तू सगळ्यांनी बघितली, पण त्या सगळ्या मिळून काय सांगताहेत ते कुणी बघितलं नाही.

त्या सोमवारी ताईला महिन्याभराच्या कामाचा आढावा मांडायचा होता. आधी खेळ झाला आणि पाळी तिचीच आली. तिचे तिन्ही बदल पटापट सापडले. चौथा काही केल्या कुणाला सापडेना.

"आज आई सुट्टीवर दिसतात," गोदामवाला म्हणाला. सरांनी घंटी वाजवली.

आणि एक खरखरीत, न वापरलेला आवाज आला. "किल्ली. खुंटीला किल्ली होती."

मग हशाच हशा. "अरे, म्यूटदादा बोलला!" सर म्हणाले, "पण घंटीनंतरचं उत्तर धरत नाही हं! चला, आता काम. ताई, सुरुवात तुमच्यापासून. बाकीच्यांचे आवाज मी बंद करतो."

ताईचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. ती वळणार होती. मी शपथेवर सांगतो, ती वळणारच होती. पण पडद्यावर सर वाट बघत होते. तिने हात मागे घेतला आणि बोलायला लागली.

तिच्या मागे आई आली. पायांत चपला, काखेत पिशवी, पिशवीतून डोकावणारी फोटोची चौकट. तिने कुलूप काढलं. दाराच्या फटीतून उजेड आत आला आणि भिंतीवर सरकत गेला. लेकीच्या कामात व्यत्यय नको म्हणून असेल, जाताना तिने दार अगदी हळूच ओढून घेतलं. पडद्यावर तक्त्यांनी जागा व्यापली होती आणि माणसं कडेला बोटभर झाली होती. ताईच्या चष्म्यात मला त्या पडद्याचं प्रतिबिंब दिसायचं. त्यात एका बारीकशा चौकटीत कुणीतरी जिवाच्या आकांताने हात हलवत होतं.

आई संध्याकाळी सापडली. जुन्या घराच्या जागी आता गाड्या उभ्या करतात, तिथल्या उतारावर ती पडली होती. फोटोची काच फुटली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. त्या दिवसापासून ताई माझ्याकडे बघेनाशी झाली. मीटिंगसाठी तिने दुसरा कॅमेरा आणला. मला आईच्या खोलीत, पलंगासमोर बसवलं. आता मला दिसतं ते ताईच्या पडद्याच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत उमटतं. दाराची किल्ली ती गळ्यात घालते.

कितीतरी दिवस इथे काहीच बदललं नाही. आई छताकडे बघत पडून असायची. हाड जुळलं, आई काठीने चालायला लागली, तरी तिचं तोंड मिटलेलंच. सगळ्यांना वाटलं, झालं, ती जुनं घर विसरली.

आज सोमवार आहे. बऱ्याच दिवसांनी सरांनी पुन्हा काहीतरी खेळ ठेवलाय. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज येताहेत. त्यात ताईचंही हसू आहे, आणि ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण खेळताना माणसांच्या चौकटी मोठ्या कराव्या लागतात. माझी छोटी चौकट त्यांच्याखाली झाकली गेली असणार.

सकाळी उशाशी असलेली कापडी पिशवी आता पायथ्याशी आहे. काच नसलेला फोटो तिच्यात आहे. दाराला कुलूप आहे हे आईला ठाऊक आहे, म्हणून ती दाराकडे बघतही नाही. तिने स्टूल ओढत ओढत खिडकीखाली आणलं आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

मित्रांनो, मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी आत्ता त्या मीटिंगमध्ये असेल, तर खेळ थांबवा आणि तिला सांगा, ताई, ऊठ. घंटी वाजायच्या आत सांगा.