दोन मातींची चूल

पर्यावरण म्हटलं की लोकांना झाडं आठवतात. सहादेव गुरुजींना रंगुबाईची चूल आठवते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आठवते.

त्र्याण्णव साल असेल. पाथर्डीच्या डोंगराकडची दोन खोल्यांची शाळा, दारात लिंब, आणि चार वर्गांना मिळून गुरुजी एकटे. काय दिवस होते ते! शनिवारी पोरी शेणानं वर्ग सारवायच्या, पोरं फळ्याला कोळसा घासून काळा कुळकुळीत करायची, आणि सोमवारी त्या फळ्यावर पहिलं अक्षर काढताना गुरुजींना उगीचच आपण मोठे झाल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर पर्यावरण हा शब्द शाळेत आला. तोवर परिसर होता, आजूबाजू होती, रान होतं आणि सगळ्यांचं भागत होतं. गुरुजींना मात्र नवा शब्द भारी आवडला. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात व्याख्या लिहिली आणि ती कुणी पुसायची नाही असा दम भरला. ‘आपल्या सभोवतालची हवा, पाणी, जमीन, वनस्पती, प्राणी व माणसे मिळून पर्यावरण होते.’ पोरं ती पाढ्यासारखी हेल काढून म्हणायची. अर्थ कुणाला कळला होता देव जाणे, गुरुजींनाही सूर ऐकूनच समाधान होतं.

चौथीतली आरती या गजरात नव्हती. तिचे आईबाप, रंगुबाई आणि सूर्यभान, दिवाळी झाली की ऊसतोडीला कोल्हारकडं जायचे आणि तिलाही न्यायचे. धाकट्या भावाला तिथल्या कोपीवर, पाल्याच्या झोपडीत, सांभाळायला दुसरं कोण होतं? एप्रिलात ती परत आली, तेव्हा परीक्षा चार दिवसांवर होती. फळ्याचा कोपरा वाचून तिनं विचारलं, “गुर्जी, पर्यावरण म्हंजी काय वं?”

गुरुजी हजेरीपत्रकात गुंतले होते. मान वर न करता म्हणाले, “आपल्या भोवती असतं ते सगळं. जा, पाठ कर.”

सूर्यभाननं पोरीपुढं सरळ ठेवलं होतं. पास झाली तर पाचवीला सोनईला, साळूबाई आत्याकडं राहून शिकायचं. नापास झाली तर शाळा बंद, कायमचं ऊसतोडीच्या टोळीबरोबर. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला.

आरती बाकी विषयांत निघाली आणि परिसर अभ्यासात तीन गुणांनी राहिली. पाच गुणांच्या प्रश्नाला गुरुजींनी भोपळा दिला होता. ‘पर्यावरण म्हणजे काय? आपल्या परिसरावरून लिहा.’ तिच्या अर्ध्या पानाच्या उत्तरावर त्यांनी लाल शाईची आडवी रेघ ओढली होती. उत्तरात नदी दिसली आणि त्यांचं टाळकंच फिरलं. गावात प्यायला टँकरचं पाणी, आणि ही कुठली नदी घेऊन बसली!

निकाल लागला त्याच दुपारी रंगुबाई शाळेत आली. मागं आरती, रडून डोळे सुजलेले. रंगुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती दाराशीच बसली.

“गुर्जी, मी भांडाया न्हाई आले. पोरीनं काय ल्हिलंय तेवढं वाचून दावा. म्हंजी चुकलं कुठं ते मला बी कळंल.”

गुरुजींनी जरा नाखुशीनंच पेपर काढला आणि वाचू लागले.

“‘पर्यावरण म्हणजे आपल्या भोवती असतं ते सगळं. आमच्या भोवती दोन गावं असतात. दिवाळीपासून कोल्हार असतं. तिथं नदी आहे, ऊस आहे, आणि पाचटाची कोपी आहे.’”

“व्हय,” रंगुबाई म्हणाली. “वाळल्या पाल्याचीच करतो आमी खोप.”

“‘मग इथं असतं. इथं डोंगर आहे आणि शाळेचा लिंब आहे. पाणी टँकरचं आहे.’”

“हाय की.”

“‘जाताना आई इथल्या चुलीचं ढेकूळ फोडून नेते आणि तिथल्या चुलीच्या मातीत कालवते. येताना तिथली काळी माती आणून इथल्या चुलीला लावते. आई म्हणते, त्यानं चुलीला परकं वाटत नाही.’”

रंगुबाई लाजली. “माझी आई करायची. म्हून मी बी करती. ह्ये कशापायी ल्हिलं गं?”

गुरुजींनी शेवटची ओळ वाचली. “‘जिथं आई चूल मांडते, तिथं आमचं पर्यावरण असतं.’”

रंगुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “यातलं काय खोटं हाय, गुर्जी?”

गुरुजी पुन्हा पहिल्या ओळीवर आले. आपल्या भोवती असतं ते सगळं, हे त्यांचंच वाक्य होतं. पोरीनं ते मनावर घेतलं, आणि आपण सांगितलेलं आपणच खोडून बसलो. इतकी वर्षं अर्धी शाळा दिवाळीनंतर रिकामी होते, पण ही पोरं सहा महिने कशाच्या भोवती जगतात हे आपण एकदाही विचारलं नाही. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. आईच्या आणि पोरीच्या देखत त्यांनी लाल रेघेवर काट मारली, पाचाचे पाच गुण दिले आणि शेजारी सही केली. “चूक माझी होती, आरती,” ते म्हणाले. पोरगी हसली, तेव्हा गुरुजींना वाटलं, आपण तिचं कल्याण केलं.

जूनमध्ये सोनईला जायच्या दिवशी ते मुद्दाम फाट्यावर गेले. सूर्यभान ट्रंक घेऊन उभा होता. आरती नव्या परकर-पोलक्यात होती. एस.टी.ची धूळ लांबून दिसली तशी रंगुबाईनं कमरेचं फडकं सोडलं आणि आरतीच्या हातात मातीचं ढेकूळ ठेवलं. एका बाजूनं तांबूस, एका बाजूनं काळं, धुरानं माखलेलं.

“हे आत्ताच कशाला फोडलं, रंगुबाई?” गुरुजी बोलून गेले. “तुम्ही तर दिवाळीला निघणार.”

“मी दिवाळीला जाईन, गुर्जी. पोरगी तर आजच चालली.” मग ती आरतीला म्हणाली, “आत्याला सांग, चुलीला लाव म्हनावं.”

आरतीनं ढेकूळ दोन्ही हातांनी छातीशी धरलं. नवं पोलकं काळं झालं. गाडीत चढताना दांडीला धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून बापानं तिला उचलून वर ठेवली. पेपरातली शेवटची ओळ गुरुजींना तेव्हा आठवली. ती बरोबर आहे असं लिहून, सही करून, त्यांनीच पोरीला त्या चुलीपासून दूर धाडलं होतं.

गाडी गेली. रंगुबाई रिकामं फडकं झटकून घराकडं वळली. तिला दुपारच्या आत चुलीचा फुटलेला कोपरा लिंपायचा होता.