बॅटरी फार टिकली

थोरलीला लहानपणापासून विजेची काटकसर करायचं वेड. कुणी खोलीतून उठलं की ही मागून दिवे घालवत फिरायची. आई म्हणायची, "हिच्या राज्यात अंधारातच जेवावं लागेल." पुढे तिने संशोधनही त्यातच केलं. चिपचा जो भाग रिकामा बसलाय त्याला झोपवायचं आणि काम आलं की उठवायचं.

मग बाबांचा आवाज जायला लागला. घशाचे स्नायू लुळे पडत होते; शब्द फुटायचे, पण कान ओठांशी नेल्याशिवाय ऐकू येत नसत. थोरलीने त्यांच्या गळ्यात घालायला एक यंत्र केलं. छोटा माइक, छोटा स्पीकर, मध्ये तिची चिप. बाबा बोलले की चिप जागी होऊन आवाज मोठा करणार, गप्प बसले की झोपणार. किती आवाजाला उठायचं, ते तिने बाबांना समोर बसवून, त्यांचाच आवाज मोजून ठरवलं. त्याहून हळू ते सगळं चिपच्या लेखी गोंगाट. पहिल्याच दिवशी स्पीकरमधून खणखणीत आलं, "भाजीत मीठ कमी आहे." आईला इतका आनंद झाला की ती भांडलीसुद्धा नाही.

बॅटरी मात्र संध्याकाळपर्यंत कशीबशी पुरायची. थोरलीने चिपमध्ये थोडी डागडुजी केली आणि ती प्रयोगशाळेजवळच्या आपल्या खोलीवर परतली. बॅटरीचे आकडे यंत्राकडून तिला परस्पर मिळत. बॅटरी दोन दिवस टिकली, मग तीन, मग जवळजवळ आठवडाभर. बाईसाहेब हुरळून गेल्या. घरी फोन करायचाही राहून गेला. आलेख घेऊन ती आपल्या मार्गदर्शक सरांकडे गेली.

सरांनी तो बराच वेळ पाहिला. "डागडुजीनंतर काय बदललंस?"

"काहीच नाही."

"मग बॅटरी वाढत का चाललीय?"

चिप काही आपणहून शहाणी होत नाही. थोरलीने तिथूनच आईला फोन लावला. "बाबा बोलतात ना गं?"

"कसले बोलतात! तोंडाला कुलूप घातलंय. नुसते ओठ हलवत होते, आता तेही नाही. मला वाटलं रुसलेत, म्हणून मीही अबोला धरला."

बाबा रुसले नव्हते. त्यांचा आवाज आणखी खाली गेला होता आणि चिप त्याला गोंगाट समजून झोपून राहिली होती. बाप हाका मारून थकत होता आणि लेक बॅटरीचं कौतुक करत होती.

मिळेल त्या बसने ती घरी पोचली. चिप झोपणारच नाही अशी करून टाकली. पंख्याची घरघर, सदऱ्याची सळसळ, सगळंच स्पीकरमधून यायला लागलं. ती बाबांसमोर खाली बसली. "बाबा, चुकलं माझं. आता ऐकू येईल. काहीही बोला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ उघडले, पुन्हा मिटले. मग त्यांनी हातानेच 'राहू दे' अशी खूण केली. इतके दिवस कुणी ओ दिली नव्हती. त्यांनी बोलण्याचा नाद सोडला होता.

आई येऊन शेजारी टेकली. दोघी वाट बघत बसल्या. बाबांचा श्वास तेवढा मोठ्याने ऐकू येत राहिला आणि दिवेलागणीच्या आत बॅटरी संपली.